चिमटेवाली सोर्सिंग आणि एक गोड म्हातारा

सोर्सिंगच्या चिमट्यातून आमच्या गावात कुणी सुटलेलं नाही. पाद्रीबाबा नाहीत, शाळेच्या मोठ्या बाई नाहीत, आणि तिचा सख्खा मावसभाऊ असलेला मी तर नाहीच नाही. सकाळी मी माझी ट्रायसिकल, म्हणजे साइडकार जोडलेली मोटारसायकल, पुसत उभा असतो. ही मागून येते, माझ्या दंडाची कातडी दोन बोटांत धरून वर ओढते, सोडते आणि बघत राहते. "आली जागेवर," म्हणते. "लघवीचा रंग काय रे आज, इस्लाव?" अहो, साइडकारमध्ये चार गिऱ्हाइकं बसलेली असतात! त्यात एखादी लग्नाची मुलगीही असते. पण हिला त्याचं काय?

तिचं खरं नाव कोन्सोर्सिया. वय चोपन्न, अंगाने आडवी, आवाज फेरीबोटीच्या भोंग्यासारखा. धंदा म्हणजे नारळाच्या झावळीत गुंडाळून उकडलेला चिकट भात विकणं. आणि त्याशिवाय गावाची आरोग्यसेविका, फुकटची. समुद्रापलीकडे इलोइलो शहरात कधीतरी तिला दोन दिवसांचं शिक्षण मिळालं आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड मिळालं. अंगातलं पाणी कमी झालं की काय दिसतं ते त्यावर चित्रांसकट छापलंय. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, कातडी ओढून सोडली तर उशिरा जागेवर येते, लघवी गडद आणि थोडी होते. दोन दिवसांच्या शिक्षणावर बाई वीस वर्षं गाव चालवतेय. चॅपेलमध्ये मिसेच्या रांगेत तोंड उघडलं प्रसादासाठी, तर मागून ही डोकावून जीभ ओली आहे का बघते!

आता खोटं कशाला बोलू, तिने माणसं वाचवलीत. खालच्या आळीतल्या एका पोराला जुलाब लागले होते. पाणी पाजलं की आणखी होतात म्हणून आजीने पाणीच बंद केलेलं. पोराचे डोळे आत गेले, रडायचं तर अश्रू येईनात. सोर्सिंगने त्याला मांडीवर घेतलं आणि मीठ-साखरेचं पाणी दर मिनिटाला एक चमचा, असं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पाजलं. शेवटी पोराने तिच्या झग्यावर धार सोडली. तर ही तशीच ओल्या झग्याने रस्त्यावर येऊन ओरडते, "मुतला! मुतला!" सगळी आळी टाळ्या वाजवत होती.

पण तिच्या हातून घोटाळाही झालाय, आणि गाव तेवढाच लक्षात ठेवतं. जत्रेत ढोलवाल्याची बोटं थरथरताना दिसली म्हणून हिने त्याला धरून आडवा केला आणि दोन लोटे पाणी कोंबलं. तो बिचारा मांडीवर ताल घोकत होता. मिरवणूक अर्धा तास खोळंबली. तेव्हापासून तिने कुणाला आजारी म्हटलं की लोक मांडीवर ताल धरतात. ती हसण्यावारी नेते, पण मला माहीत आहे, तिला ते फार लागतं.

तर आता हेर्मोचं सांगतो.

वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही नोंग म्हणतो आणि बाईला नांग. पण हेर्मोला नोंग म्हणताना जीभ जड व्हायची, इतका खवीस माणूस. धंदा मिठाचा. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली लाकडं-काटक्या जाळायच्या, ती राख खाऱ्या पाण्याने गाळायची, नारळाचं दूध घालून दिवसभर आटवायचं, की विटेएवढी मिठाची लादी तयार. ती भातावर किसून थोडं तेल सोडलं तर दुसरं कालवण नको. असं मीठ करणारी आमच्या बेटावर आता बोटांवर मोजण्याइतकी घरं, आणि हेर्मोचा माज त्यावरचा. कुणी त्याच्या मिठाला नावं ठेवली तर तो उलथनं घेऊन मागे लागायचा. बायकोला, नांग बासिलिसाला, त्याने चाळीस वर्षांत नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. "ए!" एवढंच. आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या नाटकात येशूचा घात करणारा जुदास बावीस वर्षं तोच. त्याला नाटक करावंच लागायचं नाही.

त्या वर्षी उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधी गावात डॉक्टरांचं शिबिर झालं. हेर्मोचा रक्तदाब मोजताना यंत्र म्हणे ओरडलंच. डॉक्टरीणबाईने रोज सकाळी घ्यायला लघवीवाटे पाणी उतरवायची एक गोळी दिली आणि सांगितलं, "आजोबा, मीठ जरा कमी करा." मिठवाल्याला मीठ कमी करा! दोन दिवस तो किनाऱ्यावर शिव्या देत फिरला. मग त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो चॅपेलमध्ये जाऊन नवसच बोलला, की ईस्टरपर्यंत मिठाचा कण तोंडात घालणार नाही. खारी मासळी नाही, आंबवलेली कोळंबी नाही, काही नाही. वर आणखी, जन्मभर धुरातून जे मीठ अंगात गेलंय ते धुऊन काढायचं म्हणून पाणी प्यायला लागला. तेलाचा पाच लिटरचा जुना डबा घासून घेतला होता, तो दिवसातून दोनदा रिकामा करायचा. गोळी घ्यायची, पाणी ढोसायचं, झुडपामागे जायचं, परत यायचं, पुन्हा पाणी. डॉक्टरीणबाईने यातलं काहीही सांगितलं नव्हतं. पण आमची माणसं एकदा नवसाला पेटली की देवालाही विचारत नाहीत.

महिनाभराने म्हातारा गोड झाला.

आधी माझाच विश्वास बसेना. मी ट्रायसिकल त्याच्या दारावरून नेली, धूळ उडाली, आणि मी सवयीने डोकं खाली घातलं, कारण नेहमी नारळाची करवंटी यायची. तर म्हातारा हात हलवून म्हणतो, "सावकाश जा रे, पोरा. थकला असशील." माझी गाडी गटारात जाता जाता वाचली!

मग काय, रोज नवीन बातमी. हेर्मोने शेजाऱ्याची कोंबडी परत केली. हेर्मो चॅपेलमध्ये रडला. पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव न घेता सांगितलं की उपासाने दगडालाही पाझर फुटतो, आणि सगळं चॅपेल मान वळवून त्याच्याकडे बघायला लागलं. तोही मान वळवून मागे बघायला लागला, कोणाबद्दल चाललंय म्हणून.

पंचाईत झाली नाटकवाल्यांची. तालमीत जुदासने येशूला शिपायांच्या ताब्यात द्यायचं असतं. आमचा येशू म्हणजे सायकल दुरुस्त करणारा क्रिसांतो. हेर्मोने त्याला मिठी मारली ती सोडेचना. "मी नाही देणार," म्हणाला. "चांगला पोरगा आहे. याने कुणाचं काय बिघडवलंय?" शिपाई हसायला लागले, नाटक बसवणाऱ्या मास्तरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. गर्दीत सोर्सिंग मात्र हसत नव्हती. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

"इस्लाव," ती मला म्हणाली, "हा बोटीवर उभा असल्यासारखा का उभा आहे?"

"म्हातारा झालाय, म्हणून."

"गेल्या महिन्यात उलथनं घेऊन तुझ्यामागे पळत होता तेव्हा नव्हता म्हातारा?"

झालं, संशय घुसला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, सकाळीच मला ट्रायसिकलसकट ओढत ती हेर्मोच्या घरी गेली. म्हातारा ओट्यावर बसलेला. हिने चिमटा काढला, तर कातडी टुणकन जागेवर. जीभ बघितली, ओली. डोळे बघितले, भरलेले. लघवीचं विचारलं, तर बासिलिसा आतून म्हणाली, "झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ!" सोर्सिंगने कार्ड काढलं. वरून खाली वाचलं, उलटं करून वाचलं. कार्डाप्रमाणे गावात सगळ्यात ठणठणीत माणूस हेर्मो!

कुंपणावर शेजारी जमलेच होते. एकाने मांडीवर ताल धरला. मी म्हटलं, "चल ना बाई, भात थंड होतोय तुझा." तिची मान लाल झाली होती. पण ती हलली नाही. पुढे तिनेच मला सांगितलं, की त्या दोन दिवसांच्या शिक्षणात शेवटी निघताना एका नर्सने जाता जाता सांगितलं होतं: पाणी कमी झालं तर अंगावर दिसतं, पण मीठ पातळ झालं तर मेंदूवर दिसतं, तिथे चिमटा लागत नाही. ते कार्डावर छापलं नव्हतं.

तिने कार्ड खिशात टाकलं आणि म्हाताऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नोंग हेर्मो, तुझं मीठ कडू आहे."

कुंपणावरची माणसं दोन पावलं मागे सरली. मी ट्रायसिकलला किक मारायच्या तयारीत.

"राख धड गाळत नाहीस तू. त्यापेक्षा दुकानातलं पिशवीचं मीठ बरं."

म्हाताऱ्याने तिचा हात हातात घेतला. "खरं आहे तुझं, बाय," म्हणाला. "पिशवीचंच बरं."

सोर्सिंगचा चेहरा असा उतरला की मला धडकी भरली. "आज कोणता वार, नोंग?" तिने विचारलं. तो गोड हसला. "जत्रेचा ना?" जत्रा मे महिन्यात होऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं.

"इस्लाव, गाडी फिरव. याला शहरात न्यायचं, आत्ताच. उद्यापासून सणामुळे बोटी बंद."

तेव्हा बासिलिसा बाहेर आली. लहानखुरी बाई, कधी कुणाला उलटून न बोलणारी. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाही न्यायचं," ती म्हणाली.

"नांग, याला उलट्या होतात का?"

"नाही."

"नांग."

"सकाळच्या होतात. मी पुसते. तुला काय करायचंय?"

"डोकं दुखतं? पायात गोळे येतात?"

बासिलिसाने पदरासारखा हातातला पंचा पिळला आणि एकदम तिचा बांध फुटला. "मला लिसिंग म्हणतो तो! लग्नाआधी म्हणायचा तसं. काल म्हणाला, माझ्या हातून तुझे फार हाल झाले, मला माफ कर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माणूस माझ्याशी बोलतोय, आणि तू त्याला बरं करायला निघालीस होय गं? कोणी बोलावलं होतं तुला?"

 सोर्सिंगसारखी सोर्सिंग, पण एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, आता ही माघार घेते. खरं सांगतो, मला वाटत होतं तिने घ्यावी. अकरा दिवसांचं सुख एखाद्या बाईच्या वाट्याला येतं, ते आपण कोण काढून घेणारे?

सोर्सिंग खाली बसली, बासिलिसाच्या पायाशी. आवाज पहिल्यांदाच हळू. "नांग, आज गोड आहे. उद्या नुसता झोपून राहील. परवा हाका मारशील, तर ओ देणार नाही. मी चुकले तर सगळ्या गावाने माझ्या दारात ढोल वाजवा. पण मी चुकले नाहीये."

बासिलिसाने मागे वळून बघितलं. म्हातारा बसल्या जागी झोपला होता, तोंड उघडं, ओठाजवळ हात थरथरत. "हेर्मो," तिने हाक मारली. पुन्हा मारली. खांदा हलवला. गालावर चापट मारली तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले, आणि तिच्याकडे असं बघितलं की ही कोण बाई.

ती आत गेली. मला वाटलं दार लावून घेते की काय. तर इस्त्रीत कोळसे भरायला लागली! "शहरात जायचं तर मळक्या शर्टात नाही नेणार मी त्याला," म्हणाली. रडत रडत तिने त्याचा शर्ट इस्त्री केला आणि आम्ही दोघं दारात उभे राहून वाट बघत होतो, कारण त्या वेळी तिला घाई कर म्हणायची छाती सोर्सिंगचीही नव्हती.

धक्क्यावर आणखी गंमत. बोटवाला आणि हेर्मो दहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. हेर्मोने बोटीत चढताच त्याच्या गालाचा मुका घेतला.

बोटवाला पांढराफटक. "मरतोय की काय हा?"

"होय," सोर्सिंग म्हणाली.

एरवी वीस उतारू भरल्याशिवाय हा माणूस दोर सोडत नाही. त्या दिवशी चौघांवर इंजिन चालू केलं, आणि पलीकडे पोचेपर्यंत गाल चोळत बसला.

हॉस्पिटलात रक्त काढलं. तासाभराने तरुण डॉक्टर कागद घेऊन जवळजवळ धावतच आला. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच की, एकशे पस्तीसच्या वर हवं, ते एकशे आठ होतं. "आणखी एखादा दिवस गेला असता तर झटके आले असते," तो म्हणाला. "कुणाच्या लक्षात आलं?"

आम्ही सोर्सिंगकडे बोट दाखवलं.

"तुम्हाला कशावरून कळलं? कोणतं लक्षण दिसलं?"

"तो माझ्याशी चांगलं वागला, डॉक्टर," सोर्सिंग म्हणाली.

डॉक्टर हसला. मग आमच्यापैकी कुणी हसत नाही हे बघून त्याने ते कागदावर लिहून घेतलं.

गोळी बंद, पाणी मोजून, आणि शिरेतून मीठ थेंब थेंब. घाई केली तर मेंदूला इजा होते, म्हणून दिवसाला थोडंच वाढवायचं. मी गुरुवारी खास बोट करून गावी परतलो, कारण शुक्रवारी जुदास कोण करणार? मीच. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुझा चेहरा जमतो. जमतो म्हणजे काय? बावीस वर्षांत लोकांनी जुदासला कधी टाळी दिली नाही, मला दिली. याचा अर्थ काय घ्यायचा तो मी अजून ठरवलेला नाही.

तिकडे हॉस्पिटलात बासिलिसा रोज सकाळी आकडा विचारायची. एकशे चौदाला तो तिचा हात धरून होता. एकशे वीसला त्याला वार कळला, तरी बोलणं मऊच. एकशे सव्वीसला त्याने नर्सने आणलेल्या भाताला नावं ठेवली. त्या दुपारी बासिलिसा डॉक्टरला गाठून हळूच म्हणाली, "डॉक्टर, एकशे वीसवर नाही का ठेवता येणार? एकशे वीसला छान होता."

डॉक्टरला हसावं की रडावं कळेना. "नाही हो, आजी," म्हणाला. "तिथे माणूस टिकत नाही."

सोमवारी सकाळी एकशे तेहतीस. हेर्मोने डोळे उघडले, छतापासून जमिनीपर्यंत सगळं बघून घेतलं आणि गरजला, "ए! ही कॉलर कोणी जाळली? आणि ही चिमटेवाली म्हैस माझ्या उशाशी काय करतेय?" सोर्सिंग उठून बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडली. तिच्या मनावरचं ओझं तेव्हा उतरलं. गावी परत आल्यावर कुणी मांडीवर ताल धरला नाही, हेही सांगायला हवं.

पण बासिलिसा तिच्याशी बोलेना. महिना झाला, दीड महिना झाला. भात विकायला ही त्यांच्या दारावरून गेली की ती आत वळायची. सोर्सिंग माझ्यापाशी चिडायची, "मी काय वाईट केलं रे?" मी काय सांगणार? वाईट केलं नव्हतंच. तरी बासिलिसाचं चुकलं असंही मला म्हणवेना.

मग एका दुपारी बासिलिसा आपणहून सोर्सिंगच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिथेच चाकाला ठिगळ लावत होतो. बराच वेळ ती झावळीच्या पट्ट्या सोलायला मदत करत राहिली. मग मान वर न करता तिने विचारलं, "तो जे बोलला ते सगळं, ते मीठ कमी झालं म्हणूनच ना?"

सोर्सिंगने सुरी खाली ठेवली. बाई खोटं बोलून कुणाचं समाधान करणाऱ्यातली नाही. लघवीचा रंग वाईट असेल तर चारचौघांत वाईटच सांगेल.

"नांग," ती म्हणाली, "शेजारच्या वॉर्डात एक म्हातारा होता, तू पाहिला नाहीस. त्याचंही मीठ तेवढंच खाली गेलं होतं, एकशे दहा. त्याची बायको उशाशी बसून असायची. तीन दिवस तो तिला शिव्या देत होता. तुझ्याशी लग्न केलं तेच चुकलं, म्हणायचा. मीठ दोघांचंही गेलं होतं, नांग. त्याच्या पोटात ते होतं. तुझ्या हेर्मोच्या पोटात हे होतं."

बासिलिसाचे हात थांबले. मी मान खाली घालून ठिगळावर नुसताच अंगठा दाबत बसलो.

तेवढ्यात आळीच्या टोकाकडून आवाज आला, गावाला ऐकू जाईल असा. "ए! कुठे मेलीस? चूल कोण बघणार, तुझा बाप?"

सोर्सिंग म्हणाली, "जा बाई, नाहीतर उलथनं घेऊन येईल."

बासिलिसा उठली नाही. तिने झावळीची आणखी एक पट्टी उचलली आणि मांडीवर नीट पसरली.

"ओरडू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "मी ऐकतेय."